समान चुकांची साक्ष

मी अमरावतीच्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. परीक्षेच्या दिवसांत आम्हा शिक्षकांवर कॉपी पकडण्याचे काम येते आणि त्या कामात एक साधे तत्त्व उपयोगी पडते. दोन उत्तरपत्रिकांत बरोबर उत्तर सारखे असेल तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण बरोबर उत्तर एकच असते. पण चुकीचे उत्तर अक्षरशः सारखे असेल, एकाच शब्दातली एकच वेलांटी दोघांचीही चुकली असेल, तर एकाने दुसऱ्याचे पाहून लिहिले आहे किंवा दोघांनी एकाच गाईडमधून उतरवले आहे, हे मान्य करावेच लागते. रोगजंतूंच्या जनुकीय क्रमनिर्धारणाचा, म्हणजे वर्तमानपत्रे आता सर्रास ज्याला जिनोम सिक्वेन्सिंग म्हणतात त्याचा, साथीचा माग काढण्यापुरता तर्क याहून फारसा वेगळा नाही. जंतू स्वतःची नक्कल करत वाढतो, नक्कल करताना क्वचित एखादे अक्षर चुकते, आणि ती चूक त्याच्या पुढच्या सगळ्या पिढ्यांत जशीच्या तशी उतरते. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना पंडितांनी शेकडो हस्तलिखितांतील पाठभेद ताडून कोणती पोथी कोणत्या पोथीच्या घराण्यातली हे ठरवले, तेही याच मार्गाने. तिथे लेखनिक चुकत होते, इथे जंतूच्या पेशीतली किंवा विषाणूची नक्कल करणारी प्रथिने चुकतात, एवढाच फरक.

ही पोथी, म्हणजे जंतूचा अख्खा जनुकीय मजकूर, किती लांब असते, हेही सांगायला हवे. करोना विषाणूच्या वुहानमधील संदर्भ मानल्या गेलेल्या क्रमात २९,९०३ अक्षरे होती. पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या जिवाणूत सुमारे ४० लाख अक्षरे असतात आणि क्षयाच्या जिवाणूत, ज्याचा संपूर्ण क्रम १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला, सुमारे ४४ लाख. करोनाच्या पोथीत साधारणपणे महिन्याला दोन अक्षरे बदलत होती, त्यामुळे दोन रुग्णांच्या विषाणूंत किती अक्षरांचा फरक आहे यावरून त्यांची साखळी किती मागे जाऊन एकत्र येते याचा अंदाज बांधता येत असे.

वर्गात इथपर्यंत सगळे सुरळीत जाते. अडचण पुढे येते, कारण कॉपी पकडल्यावर पुढचा प्रश्न ‘कोणी कोणाचे पाहिले’ हा असतो, आणि साथीच्या बाबतीत त्या प्रश्नाचे उत्तर कोणत्या तरी गावाकडे, देशाकडे किंवा माणसाकडे बोट दाखवते. हे बोट दाखवल्यावर जगाने काय केले, याची जी उदाहरणे मी वर्षानुवर्षे शिकवत आले आहे, त्यांतून माझ्यापुरता एक निष्कर्ष निघाला आहे: क्रम वाचण्याचे तंत्र फार पुढे गेले, पण वाचलेले सांगणाऱ्याशी आणि त्यात दोषी ठरलेल्याशी कसे वागायचे, याची रीत अजून बसलेली नाही.

हैतीचे उदाहरण यात सर्वांत बोलके आहे. १२ जानेवारी २०१० रोजी त्या देशात प्रचंड भूकंप झाला आणि राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स उद्ध्वस्त झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये भूकंपग्रस्त राजधानीत नव्हे, तर मध्य हैतीतल्या मिरबाले गावाच्या आसपास आणि तिथून वाहत जाणाऱ्या आर्तिबोनीत नदीच्या खोऱ्यात लोक जुलाबांनी मरू लागले. पटकीची नोंद त्या देशात किमान शंभर वर्षे नव्हती. मिरबालेजवळ, नदीच्या एका उपनदीच्या काठी, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा तळ होता आणि त्यात नुकतीच नेपाळहून सैनिकांची नवी तुकडी आली होती. त्या सुमारास काठमांडूत पटकीचे रुग्ण आढळत होते. तळावरील मैला नदीत जातो, असे गावकरी पहिल्या दिवसापासून सांगत होते. संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी ते नाकारत होते.

यावर दोन तर्क समोर आले. एक असा की जिवाणू हैतीच्या किनाऱ्याच्या पाण्यात आधीपासूनच सुप्त होता आणि समुद्राचे तापमान व भूकंपानंतरची परिस्थिती यांमुळे तो उसळला. म्हणजे दोष निसर्गाचा. दुसरा असा की तो माणसांबरोबर बाहेरून आला. डिसेंबर २०१० मध्ये अमेरिकी संशोधकांनी हैतीच्या जिवाणूचा क्रम १९९१ च्या पेरूमधील आणि बांगलादेशातील जिवाणूंशी ताडून पाहिला. शेजारच्या लॅटिन अमेरिकेतल्या जिवाणूशी त्याचे नाते दूरचे होते आणि दक्षिण आशियातल्या जिवाणूशी जवळचे. निसर्गाच्या तर्काला हा पहिला मोठा धक्का होता. पण दक्षिण आशिया म्हणजे काही एक छावणी नव्हे. खरी तुलना ऑगस्ट २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत २०१० च्या उत्तरार्धात नेपाळमध्ये मिळालेले २४ जिवाणू हैतीच्या जिवाणूंशेजारी ठेवले होते आणि त्यांतील काही नेपाळी व हैती जिवाणूंमध्ये ४० लाख अक्षरांपैकी केवळ एक-दोन अक्षरांचा फरक होता. उत्तरपत्रिकेच्या भाषेत सांगायचे तर शेवटच्या पानावरची खाडाखोडसुद्धा सारखी निघाली. मला या शोधनिबंधात नेहमी विशेष वाटते ते हे की, तुलनेसाठीचे नमुने काठमांडूतील शास्त्रज्ञांनी दिले होते. आपल्याच देशाच्या सैनिकांवर ठपका येऊ शकतो हे माहीत असताना त्यांनी ते दिले. या धैर्याची वाखाणणी त्या वेळी फारशी कोणी केली नाही.

पुढे काय झाले? संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या चार तज्ज्ञांच्या समितीने मे २०११ मध्ये, म्हणजे ही निर्णायक तुलना हाती येण्यापूर्वी, अहवाल दिला होता. नदीचे पाणी माणसांच्या मैल्यामुळे दूषित झाले हे त्यात मान्य केले होते, पण दोष कोणा एका गटाचा नाही असे म्हटले होते. त्याच तज्ज्ञांनी २०१३ मध्ये, समितीचे काम संपल्यावर, तळ हाच सर्वांत संभाव्य उगम असल्याचे लिहिले. पीडितांनी भरपाई मागितली तेव्हा त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी आपल्याला कायद्याने मिळालेल्या संरक्षणाकडे बोट दाखवून दावा विचारातच घेतला नाही, आणि अमेरिकेतील न्यायालयांनीही ते संरक्षण मान्य केले. सरचिटणीस बान की-मून यांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली ती १ डिसेंबर २०१६ रोजी. तोवर सहा वर्षे लोटली होती. अधिकृत नोंदींनुसार त्या साथीत ८ लाखांहून अधिक लोक आजारी पडले आणि सुमारे १० हजार दगावले. माफीसोबत ४० कोटी डॉलरची योजना जाहीर झाली, पण सदस्य देशांनी त्यात टाकलेला पैसा त्या रकमेच्या आसपासही पोचला नाही.

म्हणजे इथे पुरावा पक्का होता, आणि ज्याच्याकडे तो बोट दाखवत होता तो सुटला.

पश्चिम आफ्रिकेतील इबोलाच्या साथीत, २०१४ ते २०१६ या काळात, हेच तंत्र वेगळ्या वळणावर दिसते. सिएरा लिओनमधील केनेमाच्या सरकारी रुग्णालयातील डॉक्टर व परिचारिका आणि अमेरिकेतील पार्डिस साबेती यांचा गट यांनी मिळून ७८ रुग्णांपासून मिळवलेले ९९ क्रम ऑगस्ट २०१४ मध्ये प्रसिद्ध केले; त्याआधी, जूनपासूनच, ते कोणालाही पाहता येतील असे खुले करून ठेवले होते. विषाणू प्राण्यांतून वारंवार येत नसून एकदाच आला आणि नंतर माणसाकडून माणसाकडे पसरत राहिला, हे त्यातून कळले. याचा व्यवहारातला अर्थ मोठा होता: जंगलातल्या प्राण्यांच्या मांसाविषयी सूचना देत बसण्यापेक्षा रुग्णांची शुश्रूषा आणि अंत्यविधी यांकडे लक्ष द्यायला हवे होते. शोधनिबंध छापून येईपर्यंत त्याच्या लेखकांपैकी पाच जण इबोलानेच मरण पावले होते. त्यांत केनेमाचे प्रमुख डॉक्टर शेख हुमार खान होते; २९ जुलै २०१४ रोजी ते गेले. वर्गात हा निबंध दाखवताना मी लेखकांच्या यादीशी थांबते आणि मग बराच वेळ कोणी बोलत नाही.

पुढच्या वर्षी, एप्रिल २०१५ मध्ये, बर्मिंगहॅम विद्यापीठातील निक लोमन यांच्या गटातील जोश क्विक विमानातल्या नेहमीच्या सामानात मावेल अशी प्रयोगशाळा घेऊन गिनीला पोचले. त्यातले क्रम वाचणारे यंत्र शंभर ग्रॅमपेक्षा हलके होते आणि लॅपटॉपला यूएसबीच्या तारेने जोडता येत होते. डीएनएचा धागा एका अतिसूक्ष्म छिद्रातून सरकतो, प्रत्येक अक्षरागणिक विजेचा प्रवाह किंचित बदलतो आणि त्या बदलावरून अक्षरे ओळखली जातात, असे हे तंत्र. त्या मोहिमेत १४२ नमुने वाचले गेले आणि नमुना हाती आल्यापासून २४ तासांच्या आत उत्तर मिळू शकत होते. आमच्या महाविद्यालयात एक साधा इनक्युबेटर दुरुस्त करून घ्यायला जेवढे दिवस लागतात, तेवढ्यात तिथे अख्खी साखळी उलगडत होती. ही तुलना अन्यायाची आहे हे मला मान्य आहे, तरी ती मनात येतेच.

त्याच गिनीत फेब्रुवारी २०२१ मध्ये पुन्हा इबोला आढळला. जंगलातून नवा विषाणू आला असणार, असे सर्वांनी गृहीत धरले होते. क्रम वाचल्यावर दिसले की तो २०१४ च्या साथीतल्या विषाणूचाच थेट वंशज आहे आणि मधल्या वर्षांत सतत पसरत राहिला असता तर जितकी अक्षरे बदलायला हवी होती, त्याहून फारच कमी बदलली आहेत. याचा एकच सुसंगत अर्थ होता: बऱ्या झालेल्या कोणा माणसाच्या शरीरात तो पाच वर्षांहून अधिक काळ दबा धरून बसला होता. विज्ञान म्हणून हा शोध थक्क करणारा आहे. परंतु गिनी, सिएरा लिओन आणि लायबेरिया या साथीतल्या तीन देशांत इबोलातून वाचलेली हजारो माणसे होती; त्यांना आधीच गावाने, कधी घरच्यांनीही, दूर ठेवलेले होते आणि आता त्यांच्या वाळीत पडण्याला शास्त्राचा आधार मिळाल्यासारखे झाले. संशोधकांनी निबंधातच या धोक्याचा इशारा दिला होता. निबंध किती गावांत वाचला गेला असेल, हा प्रश्न उरतोच.

अमरावतीकरांना या भावनेची थोडीशी कल्पना आहे. फेब्रुवारी २०२१ च्या अखेरच्या आठवड्यात, राज्यात इतरत्र बरेचसे सुरळीत चालू असताना, आमच्या शहरात पुन्हा टाळेबंदी लागली. रुग्ण एकाएकी वाढले होते आणि ‘अमरावतीचा नवा स्ट्रेन’ असे शब्द दूरचित्रवाणीवर फिरू लागले होते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मला पुण्यात आजारी मामींकडे जाणे भाग होते. सोसायटीच्या फाटकावर गाडीचा एमएच २७ हा क्रमांक पाहून रखवालदाराने अध्यक्षांना फोन लावला, आणि चाचणीचा नकारात्मक अहवाल हातात असूनही मी अर्धा तास उन्हात उभी राहिले. तक्रार म्हणून हे सांगत नाही. त्यांची भीतीही खरी होती. पण विषाणूच्या नावाला गावाचे नाव चिकटले की ते गाडीच्या नंबरप्लेटपर्यंत कसे पोचते, हे मी त्या अर्ध्या तासात शिकले.

२४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितले की महाराष्ट्रातून तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे १५ ते २० टक्क्यांमध्ये ई४८४क्यू आणि एल४५२आर ही दोन उत्परिवर्तने, म्हणजे नकलेतले बदल, आढळली असून डिसेंबरच्या तुलनेत त्यांचे प्रमाण वाढले आहे. ज्या घराण्यातून पुढे डेल्टा निघाला, ते हे घराणे. त्याचे सर्वांत जुने नमुने ऑक्टोबर २०२० मधले, भारतातले. ते वाचण्यासाठी देशात दहा प्रयोगशाळांचा इन्साकॉग हा समूह उभा राहिला तो डिसेंबर २०२० मध्ये. त्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेचा आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचा समावेश होता. बाधितांपैकी ५ टक्के नमुने वाचण्याचे उद्दिष्ट होते आणि आपण त्याच्या जवळही गेलो नाही. पुढे जगभरची माध्यमे ‘इंडियन व्हेरियंट’ म्हणू लागली तेव्हा आपल्या सरकारने त्यावर आक्षेप घेतला, आणि ३१ मे २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ग्रीक अक्षरांची नावे जाहीर केली. नावे ठेवताना शोधणाऱ्या देशावर कलंक येऊ नये आणि उद्या कोणी शोध लपवू नये, असा त्यामागचा हेतू सांगितला गेला. मला तो रास्त वाटला. फक्त ‘अमरावती स्ट्रेन’ म्हणताना आपल्यापैकी कोणाला हा आक्षेप सुचला नव्हता, एवढे नोंदवून ठेवते.

ग्रीक अक्षरांनी कलंक टळेल ही आशा सहा महिनेच टिकली. नोव्हेंबर २०२१ मध्ये बोत्सवाना आणि दक्षिण आफ्रिकेतील प्रयोगशाळांना एक विलक्षण क्रम दिसला. विषाणूच्या पृष्ठभागावरील काट्याच्या प्रथिनात तीसहून अधिक बदल असलेला, ज्याला पुढे ओमिक्रॉन नाव मिळाले. दक्षिण आफ्रिकेने २४ नोव्हेंबरला जागतिक आरोग्य संघटनेला कळवले, दुसऱ्या दिवशी तिथले शास्त्रज्ञ तुलियो डी ऑलिव्हेरा यांनी पत्रकार परिषदेत जाहीरपणे सांगितले, आणि त्याच दिवशी ब्रिटनने सहा आफ्रिकी देशांतून येणारी विमाने थांबवण्याची घोषणा केली. पाठोपाठ इतर देशांनीही तेच केले. पुढे नेदरलँड्समध्ये जुने नमुने तपासले तेव्हा १९ नोव्हेंबरच्या नमुन्यातच ओमिक्रॉन सापडला; दक्षिण आफ्रिकेने घोषणा करण्यापूर्वीच तो युरोपात होता. विमाने बंद झाल्याने क्रम वाचण्यासाठी लागणारी रसायने दक्षिण आफ्रिकेत पोचणे अवघड झाले, अशी तक्रार डी ऑलिव्हेरा यांनी केली. हैतीत ज्याने जंतू आणला त्याला कायद्याचे कवच होते. इथे ज्याने जंतू ओळखला त्याचीच रसद तुटली. ही दोन उदाहरणे मी एकापाठोपाठ एक शिकवते ती यासाठीच.

एकट्या शास्त्रज्ञाच्या वाट्याला हेच कसे येते, ते शांघायच्या झांग योंगझेन यांच्याकडे पाहिले की दिसते. करोना विषाणूचा जगापुढे आलेला पहिला क्रम त्यांच्या गटाचा. सिडनीचे एडवर्ड होम्स यांच्या मदतीने तो ११ जानेवारी २०२० रोजी इंटरनेटवर खुला झाला आणि त्याच क्रमावरून जगभर चाचण्या व लशी तयार होऊ लागल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांची प्रयोगशाळा ‘सुधारणांसाठी’ बंद करण्याचा आदेश निघाला. २०२४ च्या वसंतात आपल्या गटाला प्रयोगशाळेबाहेर काढल्याच्या निषेधार्थ ते तिच्या दाराशी बसून राहिले, त्या वेळची छायाचित्रे अनेकांनी पाहिली असतील.

जिथे कोणाकडे बोट जात नाही, तिथे हेच तंत्र किती शांतपणे उपयोगी पडते याचा उल्लेख केला नाही तर चित्र एकांगी होईल. क्षयाचा जिवाणू फार सावकाश वाढतो, त्यामुळे कोणते औषध चालेल हे पारंपरिक पद्धतीने त्याला वाढवून पाहायचे तर आठवडेच्या आठवडे जातात. त्याचा क्रम वाचला तर कोणत्या औषधाला दाद न देण्याची खूण त्यात आहे, हे कितीतरी लवकर कळते. अशा खुणांची सूची जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आणि २०२३ मध्ये वाढवली. मुंबईसारख्या, औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाने ग्रासलेल्या शहराला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

मात्र देशादेशांमध्ये नमुने आणि क्रम देण्याघेण्याची गोष्ट निघाली की पुन्हा तोच पेच समोर येतो. २००७ मध्ये इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेला देणे थांबवले, कारण आमच्या नमुन्यांवरून श्रीमंत देशांतल्या कंपन्या लस बनवणार आणि ती आम्हालाच परवडणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्या वेळी त्यांच्यावर जगाला धोक्यात घातल्याची टीका झाली. मला मात्र त्यांचे गणित चुकलेले वाटत नाही, जरी त्यांचा मार्ग धोक्याचा होता तरी. त्या वादातून २०११ मध्ये इन्फ्लुएन्झापुरती एक व्यवस्था ठरली. इतर रोगजंतूंसाठी तशीच तरतूद मे २०२५ मध्ये स्वीकारलेल्या महासाथ करारात यायची होती. पण जंतू आणि त्यांचे क्रम देणाऱ्याला त्या बदल्यात काय मिळेल, हा नेमका भाग वेगळ्या परिशिष्टासाठी आणि पुढच्या वाटाघाटींसाठी बाजूला ठेवून करार मंजूर झाला.

हैतीत साथ विझली असे फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर झाले होते. तीन वर्षे एकही खात्रीचा रुग्ण नव्हता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला राजधानीच्या वस्त्यांत पुन्हा पटकीचे रुग्ण सापडले आणि या वेळी नव्या जिवाणूचा क्रम वाचायला कोणी वर्षभर थांबले नाही. डिसेंबरमध्ये निष्कर्ष छापूनही आला. तो २०१० च्या जिवाणूचाच वंशज होता. मिरबालेच्या नदीत उतरलेल्या त्या पहिल्या जिवाणूची अक्षरे, त्यांतल्या चुकांसकट, बारा वर्षांनंतरही त्याच्या पोथीत जागच्या जागी होती.